उषःकालाचे कादंबरीकार : कै. हरिभाऊ आपटे

आपल्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर दिवंगत पुरुषाचे चरित्र सादर करण्याचा परिपाठ आहे. बहुधा ते ज्ञातीतील एखाद्या दानशूराचे, विद्वानाचे अथवा समाजसेवकाचे असते, व ते योग्यच होय. यंदा मात्र आम्ही हा परिपाठ थोडा मोडीत आहोत. कै. हरि नारायण आपटे हे आपल्या ज्ञातीचे नव्हते. मग त्यांचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न एखाद्या ज्ञातिबांधवाच्या मनात आल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर आम्ही लेखाच्या शेवटी देणार आहोत. तूर्त इतकेच सांगतो की, आपल्या कितीतरी घरांत ज्या पुरुषाची पुस्तके देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पोथ्यांच्या जोडीने राहिली, तो पुरुष परका कसा म्हणावा?

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृसुख त्यांना फार दिवस लाभले नाही. बालपणीच आईचे छत्र हरपले आणि त्यांचे पालनपोषण एकत्र कुटुंबात, चुलत्यांच्या छायेखाली झाले. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईतील नामांकित वकील. संस्कृत ग्रंथांचे जतन व प्रकाशन व्हावे म्हणून पुण्यात १८८८ साली आनंदाश्रम ही संस्था स्थापन करणारे गृहस्थ ते हेच. कर्तबगार, पण करड्या शिस्तीच्या वडीलधाऱ्यांच्या घरात वाढणाऱ्या हळव्या मुलाला मोठ्या कुटुंबातील सुखाबरोबर त्यातली मूक दुःखेही जवळून दिसतात. हरिभाऊंच्या पुढील लेखनात घरातील सुना, लेकी व विधवा यांच्या मनाचे जे सूक्ष्म ज्ञान आढळते, त्याचे मूळ याच दिवसांत असावे, असे आम्हास वाटते.

मुंबईतील बालपणानंतर १८७८ साली हे कुटुंब पुण्यास आले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि हरिभाऊंना विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे गुरू लाभले. १८८२ साली विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शिष्यजनविलाप नावाची कविता रचून आपला शोक व्यक्त केला. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे विकारविलसित हे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने त्यावर दीर्घ टीकालेख लिहिला. गुरूविषयी भक्ती असावी, पण ती डोळस असावी, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनचा. पुढे महाविद्यालयात गणिताने त्यांचा पिच्छा पुरविला व पदवी हाती लागली नाही. आज परीक्षेच्या गुणांवरून मुलांची पारख करणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला बी. ए. होता आले नाही, त्यालाच मुंबई विद्यापीठाने पुढे विल्सन व्याख्यानमालेत मराठी भाषेवर व्याख्याने देण्यास पाचारण केले.

१८८५ साली मधली स्थिती या कादंबरीने त्यांच्या लेखनास आरंभ झाला. पण त्यांचे नाव घरोघर पोहोचविले ते करमणूक या साप्ताहिकाने. १८९० साली त्यांनी ते सुरू केले आणि १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, नेटाने चालविले. पण लक्षात कोण घेतो ही बालविधवा यमूची करुण कहाणी त्यातूनच वाचकांसमोर आली. आणि त्याच करमणुकीतून आठवड्यामागून आठवडे येत राहिल्या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. आरंभीची म्हैसूरचा वाघ ही मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. पण १८९५ साली उषःकाल सुरू झाली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीला स्वतःची वाट सापडली.

तो काळ ध्यानात आणल्यावाचून उषःकालाचा परिणाम नीट कळावयाचा नाही. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी १८९५ साली चळवळ हाती घेतली, १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. त्याच सुमारास दुष्काळ पडला आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. १८९७ च्या जूनमध्ये रँडचा वध झाला व त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून कारावास घडला. घरे ओस पडत होती, माणसे शहर सोडून माळावर झोपड्यांत राहत होती. अशा दिवसांत स्वराज्याच्या पहाटेची ही कथा प्रकरणाप्रकरणाने लोकांच्या हाती पडत होती. वर्तमान काळोखात बुडालेले असताना उषःकाल हे नाव नुसते वाचूनही मनाला किती धीर आला असेल, याची कल्पनाच करावी. हरिभाऊ केवळ लेखणी चालवून स्वस्थ बसले नाहीत. प्लेगच्या दिवसांत त्यांनी लोकांची सेवा केली आणि पुणे नगरपालिकेच्या कारभारात अनेक वर्षे लक्ष घातले.

उषःकाल ही वरवर पाहता शिवाजीराजांच्या उदयाची कथा आहे. पण तिचा प्राण एका घरात आहे. सुलतानगडाचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे, आणि त्यांचा पुत्र नानासाहेब राजांच्या नव्या कार्याकडे ओढला गेलेला. बापाची निष्ठा खोटी नाही, मुलाचे ध्येयही खोटे नाही. एकाच छपराखाली दोन सत्ये समोरासमोर उभी राहतात व त्या दोहोंमध्ये घर होरपळते. आमच्या मते हरिभाऊंच्या सामर्थ्याचे मर्म येथे आहे. लढाया पुष्कळांनी वर्णिल्या. पण ज्याच्यावर माया आहे, त्याच्याच विरुद्ध उभे राहण्याची वेळ येणे, ही वेदना प्रत्येक कुटुंबाला आपली वाटते. मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत आणि वडील सरकारी नोकरीत, अशी घरे पुढे महाराष्ट्रात गावोगाव झाली. त्या बापलेकांनी ही कादंबरी कशी वाचली असेल!

उषःकालानंतर केवळ स्वराज्यासाठी, रूपनगरची राजकन्या, चंद्रगुप्त, सूर्योदय अशी मालिकाच सुरू झाली. १९०३ साली गड आला पण सिंह गेला प्रसिद्ध होऊ लागली आणि तानाजी मालुसरे घराघरातला झाला. मुलाचे लग्न बाजूस सारून कोंढाण्यावर जाणारा हा वीर पोवाड्यांतून पूर्वीच लोकांना ठाऊक होता. हरिभाऊंनी त्याला मांस-रक्त दिले. या कथेची मोहिनी एवढी की, १९२३ साली बाबूराव पेंटर यांनी तिच्यावरून सिंहगड हा मूकपट काढला, आणि १९३३ साली प्रभात कंपनीने त्याच कथेवर बोलपट केला. तोवर हरिभाऊंना जाऊन चौदा वर्षे लोटली होती.

१९१३ ते १९१५ या काळात आलेली वज्राघात ही त्यांच्या प्रतिभेची शेवटची मोठी भरारी. १५६५ सालच्या राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचे राज्य कोसळले, तो हा विषय. येथेही त्यांनी राज्याच्या विनाशाचे बीज एका माणसाच्या अपराधात शोधले आहे. रामराजाने तारुण्यात मेहर्जान हिच्यावर प्रेम केले व पुढे तिला टाकले. तिचा पुत्र रणमस्तखान हाच अखेर जन्मदात्याच्या नाशास कारण होतो. ज्या वाचकाला शत्रुपक्षातील माणसे केवळ दुष्टच असावीत असे वाटते, त्याने मेहर्जानचे चित्र अवश्य पाहावे. तिच्या दुःखासमोर धर्म, राज्य आणि पक्ष ही सारी भाषा मागे पडते. हरिभाऊंच्या सर्वच कादंबऱ्यांत ही समदृष्टी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी यवन पात्रे ठरीव साच्याची आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण वज्राघात लिहिणाऱ्या लेखकाने स्वतःच तो साचा मोडून दाखविला.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. या कादंबऱ्या म्हणजे इतिहास नव्हे, असे पंडित म्हणतात, आणि ते खरे आहे. हरिभाऊंनी उषःकाल लिहिली, तेव्हा इतिहासाचार्य राजवाडे यांच्या साधनग्रंथांचा पहिला खंडही बाहेर पडला नव्हता. तो १८९८ साली आला. भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते १९१० साली. हरिभाऊंच्या हाताशी ग्रँट डफचा ग्रंथ, काही बखरी, आणि ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या पोवाड्यांसारखी साधने होती. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजीच्या मृत्यूमुळे पडले, अशी आपली समजूत. पण ती लढाई १६७० सालची आणि सिंहगड हे नाव तर १६६३ सालच्या पत्रात आढळते. मेहर्जान व रणमस्तखान हेही कल्पनेतलेच. मग या पुस्तकांवर आपण अश्रू ढाळले, ते वाया गेले काय?

आमचे उत्तर घरच्या एका आठवणीतून देतो. आमच्या लहानपणी पावसाळ्यात रात्रीची जेवणे आटोपली की, कंदिलाभोवती सारे घर बसे व वडील हरिभाऊंची कादंबरी मोठ्याने वाचीत. आजीला अक्षरओळख नव्हती. तानाजी गड चढू लागला की ती वडिलांना थांबवी, आणि उरलेले उद्या दिवसाउजेडी वाच, असे बजावी. ती कथा तिने किती वेळा ऐकली होती, याची गणती नाही. शेवट तिला पाठ होता. तरी दरवर्षी ती त्याला एक रात्र अधिक जगवीत असे. आजी इतिहास शिकत नव्हती, ती एका माणसासाठी जीव टाकीत होती. एके वर्षी सूर्यग्रहण वाचायला घेतली. कथा ऐन रंगात आली आणि पुस्तक संपले. काकूंना वाटले, पाने फाटली. दुसऱ्या दिवशी मुलांनी माळा व पेट्या धुंडाळल्या. अखेर वडिलांनी सांगितले की, लेखकाने ती पुरी केलीच नाही. गणपतराव या सामाजिक कादंबरीचीही तीच गत झाली. साप्ताहिकाची ओढ, आनंदाश्रमाची व्यवस्था, नगरपालिका, सभा-संमेलने यांत कितीतरी कथा अर्ध्यावर राहिल्या. काकू त्यावर हळहळल्या. मग पुढे काय झाले असेल, यावर घरात आठ दिवस वाद चालला. जे पुस्तक अपुरे असूनही आठ दिवस घराला एकत्र बोलावयास लावते, त्याला वाया गेलेले कोण म्हणेल?

इतिहासाचा शोध संशोधकाकडूनच घ्यावा आणि मुलांना खरे सन, खऱ्या घटना निःसंकोच सांगाव्यात. कादंबरीकाराकडून घ्यावयाचे ते वेगळे. दुसऱ्याचे दुःख आपले वाटण्याची सवय त्याच्याकडून घ्यावी.

१९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन महाराष्ट्राने हरिभाऊंचा गौरव केला. खाजगी आयुष्यात मात्र त्यांनी पुष्कळ सोसले. पहिल्या पत्नीचा अकाली वियोग झाला, स्नेही नामदार गोखले १९१५ साली गेले. पण त्यांची लेखणी कडवट झाली नाही. ३ मार्च १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला. पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास अवघे पाच दिवस उरले होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. हल्ली इतिहासातील वीरांची वाटणी होऊ लागली आहे. अमका सरदार आमच्या ज्ञातीचा, तमका तुमच्या, अशी चढाओढ स्मरणिकांतूनही दिसते. आम्हीही त्या मोहापासून सर्वस्वी अलिप्त आहोत, असे नाही. पण आजीने तानाजीसाठी डोळे पुसले, तेव्हा त्याची ज्ञात तिने विचारली नव्हती, लेखकाचीही नाही. ज्ञातिसंस्था आपल्या माणसांना जवळ आणण्यासाठी असते. जवळ येण्याचा अर्थ इतरांपासून दूर जाणे असा होऊ नये, एवढे जरी या चरित्रातून आपण शिकलो तरी पुष्कळ झाले.

आमची ज्ञातिभगिनींना व बांधवांना एकच नम्र विनंती आहे. घरात हरिभाऊंची एखादी जुनी प्रत असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. या पावसाळ्यात एक रात्र मुलांना जवळ घेऊन तिचे एक प्रकरण मोठ्याने वाचा. गड चढण्याच्या जागी कोणी थांबा म्हणाले, तर अवश्य थांबा. उरलेले दुसऱ्या दिवशी वाचता येईल.