बांबूची दुर्बीण : राजा सर टी. माधवराव

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे देवळांचे गाव. पितळेच्या समया, ओतीव भांडी आणि विड्याची पाने यांसाठी ते नावाजलेले. तंजावरला मराठ्यांचे राज्य झाल्यापासून या परिसरात अनेक मराठी घराणी स्थायिक झाली. बाहेर तमिळ आणि घरात मराठी, अशा दोन भाषांत त्यांच्या पिढ्या वाढल्या. अशाच एका देशस्थ कुटुंबात १८२८ साली माधवरावांचा जन्म झाला. पुढे ते राजा सर टी. माधवराव म्हणून देशभर ओळखले गेले. त्यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर.

वडील रंगराव आणि चुलते रायरायन वेंकटराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानचे दिवाण होते. सर्वांत धाकट्या माधवरावांनीही कारभाराचीच वाट धरावी, असे घराचे वळण होते. पण त्या वाटेला लागण्यापूर्वी त्यांना मद्रासमध्ये एक गुरू भेटले.

मद्रासच्या सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक एअर बर्टन पॉवेल हे गणिताचे जाणकार होते. वर्गात शिकवून त्यांचे समाधान होत नसे. खगोलशास्त्राचे पहिले धडे माधवरावांनी पॉवेलसाहेबांच्या घराच्या व्हरांड्यात गिरवले. आकाश पाहायचे तर दुर्बीण हवी. तयार दुर्बीण परदेशातून यायची आणि विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरची असायची. तेव्हा या मुलाने बाजारातून भिंगे आणली, बांबू घेतला आणि स्वतःच्या हातांनी दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक तयार केले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. दुर्बिणीला किमान दोन भिंगे लागतात. पुढचे वस्तुभिंग मोठ्या नाभीय अंतराचे, तर डोळ्यापाशी असलेली नेत्रिका लहान नाभीय अंतराची. बाजारातल्या भिंगावर त्याचे नाभीय अंतर लिहिलेले नसते, ते स्वतः मोजावे लागते. भिंग उन्हात धरायचे आणि सूर्याचा ठिपका कागदावर जिथे सर्वांत बारीक पडेल, तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. पहिल्या अंतराला दुसऱ्याने भागले की दुर्बीण किती पट मोठे दाखवील ते कळते, आणि दोन्ही अंतरांची बेरीज केली की नळीची लांबी मिळते. बांबू आतून सलग पोकळ नसतो. त्याच्या प्रत्येक गाठीत आडवा पडदा असतो, तो फोडून आतली बाजू साफ करावी लागते. बांबू वाळताना वाकतो. भिंग केसभर तिरके बसले तरी चंद्राची कड फाटल्यासारखी दिसते. साध्या भिंगामुळे तेजस्वी वस्तूंभोवती रंगीत झालर उमटते, शिवाय चित्र उलटे दिसते. नवशिक्याची पहिली नळी बहुधा फसतेच. भिंग पुढेमागे सरकवत, चूक नेमकी कुठे आहे ते शोधत बसणे हाच या कामाचा खरा अभ्यास होय.

१८४६ मध्ये माधवराव उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले. त्यांनी काही काळ गणित व पदार्थविज्ञान शिकवले आणि पुढे मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. महाराजा स्वाती तिरुनाळ यांच्या प्रेरणेने १८३७ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा तिरुवनंतपुरमला होती. बांबूच्या नळीतून आकाश पाहिलेला तरुण आता अशा नगरीत आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ यांना शिकवू लागला.

शिकवता शिकवता ते महसूल खात्यात शिरले आणि १८५८ मध्ये, तिशी गाठण्यापूर्वीच, दिवाण झाले. त्या वेळी राज्यावर कर्ज होते, नोकरांचे पगार थकले होते आणि खजिना रिकामा होता. नुसता कर वाढवून हे दुखणे बरे होणार नव्हते. माधवरावांनी एकेक भाग सुटा करून तपासला. मिरीवर सरकारचा मक्ता होता. पिकवणाऱ्याला त्याचा भाव मिळत नसे आणि व्यापारही खुंटला होता. १८६० मध्ये तो मक्ता गेला, १८६३ मध्ये तंबाखूचाही गेला. जकाती सुटसुटीत झाल्या, रस्ते झाले, शाळा निघाल्या. वरकलाच्या डोंगरातून बोगदे काढून जलमार्ग जोडण्याचे काम त्यांच्याच काळात सुरू झाले. १८६३ पर्यंत राज्याचे कर्ज फिटले. त्रावणकोर हे आदर्श संस्थान म्हणून गणले जाऊ लागले आणि १८६६ मध्ये माधवरावांना ‘सर’ हा किताब मिळाला.

तरीही हे यश निर्वेध नव्हते. ज्यांना त्यांनी शिकवले, तेच आयिल्यम तिरुनाळ आता महाराजा होते. गुरू-शिष्यांमध्ये मतभेद वाढत गेले आणि १८७२ मध्ये माधवरावांना दिवाणपद सोडावे लागले. भिंग बिघडले तर काढून पुन्हा बसवता येते. माणसांचे तसे नसते. हा अनुभव त्यांना उतारवयाच्या उंबरठ्यावर आला. दुसरा एखादा कटू झाला असता, राजपुत्रांना शिकवण्याच्या वाटेला पुन्हा गेला नसता.

माधवराव गेले. इंदूरला तुकोजीराव होळकरांचा कारभार पाहून ते १८७५ मध्ये बडोद्यास आले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते, राज्य विस्कटलेले होते, आणि गादीवर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, दत्तक आलेला बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा बसला होता. तोच पुढचा महाराजा सयाजीराव. माधवरावांनी राज्याची घडी बसवली. आणि १८८१ मध्ये, सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार येण्यापूर्वी, त्यांना राज्यकारभारावर क्रमवार व्याख्याने दिली. न्याय म्हणजे काय, खर्चाला मर्यादा कशी घालावी, राजाने स्वतःला कायद्यापुढे कसे ठेवावे, हे त्यांनी त्या तरुणाला सोप्या शब्दांत समजावले. ही व्याख्याने पुढे पुस्तकरूपानेही निघाली. १८८२ मध्ये माधवरावांनी बडोदे सोडले.

मद्रासला परतल्यावरही त्यांचे कुतूहल मावळले नाही. बालविवाहापासून आफ्रिकेतील जर्मन वसाहतींपर्यंतच्या विषयांवर ते टोपणनावाने वृत्तपत्रांत लिहीत. १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी सयाजीरावांच्या बडोद्यात कलाभवन सुरू झाले होते. हाताने वस्तू घडवायला शिकवणारी ती शाळा होती. पुढे १९०६ मध्ये सयाजीरावांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. एका शिष्याने माधवरावांना पद सोडायला लावले, दुसऱ्याने शिक्षण राज्यातील घराघरांत पोहोचवले. शिकवताना यांतले पुढे काय घडणार, हे कोणत्याच शिक्षकाला ठाऊक नसते. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर आज माधवरावांचा पुतळा उभा आहे आणि त्या भागालाच लोक ‘स्टॅच्यू’ म्हणतात. त्या पुतळ्यामागची खरी सुरुवात मात्र एका व्हरांड्यात झाली होती. तिथे एका शिक्षकाने आपला मोकळा वेळ दिला आणि एका मुलाने बाजारातल्या भिंगांतून चंद्र जवळ आणला.