ताराबाई मोडक आणि मुलांचा मान

परप्रांती राहून मराठी माणसाने काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब मांडण्याचा हा सुवर्णमहोत्सवी प्रसंग आहे. अशा वेळी आम्हांला पद्मभूषण कै. ताराबाई मोडक यांचे स्मरण होते. परप्रांतात जाऊन त्यांनी तेथील भाषा आपलीशी केली, तेथे एक नवा विचार आत्मसात केला आणि पुढे तो मायबोलीतून मराठी आईबापांपुढे ठेवला. मुलाला चारचौघांत लाजवून शिस्त लावता येते काय, हा प्रश्न ज्यांच्या घरात कधी ना कधी उभा राहिला असेल, त्यांनी हे चरित्र अवश्य आठवावे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत, प्रार्थनासमाजी वळणाच्या केळकर कुटुंबात झाला. 1914 मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. एकट्या स्त्रीकडे समाज ज्या नजरेने पाहत असे, ती नजर झेलीत त्यांनी 1921 मध्ये राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. दोनच वर्षांनी तेही मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सहकारी झाल्या. स्वतः एका लहान मुलीची आई असलेल्या ताराबाईंना बालशिक्षण हा केवळ पुस्तकी विषय नव्हता.

वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाईंनी 1920 मध्ये तेथे बालमंदिर काढले होते. मारिया माँटेसोरी यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या त्या बालमंदिरात छडी नव्हती, धाकदपटशा नव्हता, आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. माँटेसोरीबाईंचा रोममधील एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. 1907 मध्ये त्यांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले. वाहत्या नाकावरून त्या मुलांना सदैव बोलणी बसत. पण नाक पुसावे कसे, हे त्यांना शांतपणे कोणी दाखविलेच नव्हते. एके दिवशी बाईंनी रुमाल घेऊन, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने नाक कसे पुसावे, हे करून दाखविले. मुलांनी एकाग्रतेने ते पाहिले आणि अखेरीस टाळ्यांचा कडकडाट केला. मुलाला शिकायचे असतेच. त्याला नको असते ती अप्रतिष्ठा.

ताराबाईंच्या कार्याचे मर्म आम्हांला येथेच दिसते. लाजविलेले मूल गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण शिस्त समजतो. वस्तुतः ते आपली चूक सुधारावयास शिकत नाही, लपवावयास शिकते. कामात रमलेल्या मुलाच्या अंगी आतून जी शिस्त येते, तीच टिकते. याचा अर्थ मुलाला मोकाट सोडावे असा मात्र नव्हे. बालमंदिरात वस्तू जागच्या जागी ठेवावी लागे आणि दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणता येत नसे. नियम होता, त्यापायी अपमान नव्हता.

1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी प्रथम गुजरातीतून आणि 1933 पासून मराठीतूनही ‘शिक्षणपत्रिका’ चालविली. ‘बालविकास व शिस्त’ आणि ‘बालकांचा हट्ट’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच सांगतात, की त्यांचे बोलणे शिक्षकांइतकेच पालकांशीही होते. 1936 मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला.

पुढे 1945 मध्ये त्या बोर्डीस गेल्या, तेव्हा या तत्त्वाची खरी कसोटी लागली. तेथील दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. ज्या मुलांना समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ म्हणून दूर लोटले, त्यांना या बायांनी नावे ठेवली नाहीत. त्यांना न्हाऊमाखू घातले, त्यांचे केस विंचरले आणि मग गाणीगोष्टी सुरू केल्या. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. 1962 मध्ये त्यांना पद्मभूषण किताब लाभला आणि 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. 1975 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

आपण दूरदेशी राहणारी माणसे. आपली मुले दिवसभर शाळेत आणि शेजारात दुसरी भाषा बोलतात आणि घरी येऊन मोडकेतोडके मराठी बोलतात. पाहुण्यांदेखत त्यांच्या उच्चारांची नक्कल होते, सारे हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल मराठीत तोंड उघडेनासे होते. हेतू मातृभाषेच्या प्रेमाचा असतो, पण फळ नेमके उलटे मिळते. मोठेपणी गुजराती शिकून त्या भाषेत मासिक चालविणाऱ्या ताराबाईंचे स्मरण करताना आम्हांस वाटते, की चुकलेला शब्द मुलास हळूच, एकांतात सांगावा आणि आपल्या तोंडून तो वारंवार नीट ऐकवावा. मुलांचा मान राखणारी घरे या मंडळात वाढोत, हीच त्या थोर बाईंना आमची आदरांजली.