विश्लेषण : रस्त्यावर सोडून दिलेला मुलगा पॅरिसच्या पेस्ट्रीचा ‘वास्तुकार’ कसा झाला?

पॅरिसला गेलेला पर्यटक आयफेल टॉवर पाहतो, लूव्र संग्रहालय पाहतो आणि मग मोबाइलवर शोधतो, इथली चांगली बेकरी कुठे आहे? रू मोंतोर्ग्युई या बाजाररस्त्यावर १७३० पासून सुरू असलेले ‘स्तोरेर’ हे शहरातले सर्वांत जुने पेस्ट्रीचे दुकान आजही गजबजलेले असते. शहरातल्या अशा दुकानांच्या काचेमागे मिल-फॉय, एक्लेर, शार्लोत, व्होल-ओ-व्हाँ असे पदार्थ मांडलेले दिसतात. हे सगळे पदार्थ कुणा एकाने शोधून काढलेले नाहीत. मात्र त्यांना नीटस रूप, मोजमाप आणि प्रतिष्ठा मिळवून देण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्याचे नाव मारी-आंत्वान कारेम. बापाने रस्त्यावर सोडून दिलेला हा मुलगा पुढे युरोपातल्या राजेरजवाड्यांचा आचारी झाला आणि वयाची पन्नाशी गाठण्याआधीच गेला.

बेकरी आणि ‘पातिस्री’ यांत फरक काय?

आपल्याकडे पाव, खारी, नानकटाई आणि केक एकाच बेकरीत मिळतात. फ्रान्समध्ये हे दोन वेगळे व्यवसाय मानले जातात. पाव भाजणारी ती ‘बुलांजरी’ आणि केक, पेस्ट्री, गोड पदार्थ करणारी ती ‘पातिस्री’. अनेक दुकाने आज दोन्ही पाट्या लावतात; पण फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी तसे करणे सोपे नव्हते. प्रत्येक व्यवसायाचा स्वतंत्र संघ असे आणि कोणी काय विकायचे, हे तो ठरवत असे. उस्ताद म्हणून मान्यता मिळवायला वर्षानुवर्षे उमेदवारी आणि शुल्क लागत असे. उस्तादांच्या मुलांना मात्र सवलती असत.

१७९१ मध्ये क्रांतीच्या सरकारने हे संघ बरखास्त केले. शिवाय उमरावांची घराणी देशोधडीला लागल्याने त्यांचे आचारी बेकार झाले. त्यांतल्या अनेकांनी पॅरिसमध्ये स्वतःची उपाहारगृहे आणि दुकाने थाटली. वाड्याच्या भिंतीआड राहिलेली पाककला रस्त्यावर आली. कारेमची गोष्ट सुरू होते ती याच काळात.

कारेमचे बालपण कसे गेले?

त्याचे जन्मवर्ष १७८३ की १७८४, याबाबत एकमत नाही. जन्म पॅरिसमधल्या एका गरीब मजुराच्या घरातला. घरात खाणारी तोंडे अनेक आणि मिळकत तुटपुंजी. त्याच्याच आठवणींवर आधारलेल्या चरित्रांनुसार, तो साधारण दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला फिरायला नेले, एका खानावळीत जेवू घातले आणि आता तुझे तू बघ, असे सांगून तिथेच सोडून दिले. पॅरिसमध्ये तेव्हा राज्यक्रांतीनंतरचे धुमश्चक्रीचे दिवस सुरू होते.

एका स्वस्त खानावळीने त्याला ठेवून घेतले. पगार नाही, भांडी घासायची, पडेल ते काम करायचे आणि त्या बदल्यात जेवण व झोपायला जागा. तिथे त्याने काही वर्षे काढली. १७९८ च्या सुमारास तो रू व्हिव्हिएन या रस्त्यावरच्या सिल्व्हाँ बायी यांच्या पातिस्रीत उमेदवारीला लागला.

ग्रंथालयाचा पेस्ट्रीशी संबंध कसा आला?

बायी यांचे दुकान पॅले-रोयाल या भागाजवळ होते. कॅफे, जुगाराचे अड्डे आणि उंची दुकाने यांनी गजबजलेला हा परिसर शहरातल्या पैसेवाल्यांचा अड्डा होता. तिथून जवळच राष्ट्रीय ग्रंथालय होते आणि त्यात चित्रांचा व आराखड्यांचा मोठा संग्रह होता. बायी यांनी या मुलाची हुशारी हेरली आणि त्याला आठवड्यातून दोनदा कामातून सुटका देऊन ग्रंथालयात जाण्याची मुभा दिली.

शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा मुलगा तिथे बसून ग्रीस, रोम, इजिप्त, भारत आणि चीनमधल्या इमारतींची चित्रे उतरवून काढू लागला. दुकानात परतला की त्याच इमारती तो साखर, बदामाचा लगदा आणि पेस्ट्री वापरून उभ्या करी. कधी मंदिर, कधी मनोरा, कधी पडक्या अवशेषांचा देखावा. काही फूट उंचीच्या या रचनांना ‘पिएस मोंते’ म्हणतात. बायी त्या दुकानाच्या काचेत मांडत आणि रस्त्यावरची गर्दी थबकून पाहत असे. त्यातल्या बऱ्याचशा खाण्यासाठी नसतच. मेजवानीच्या टेबलाची शोभा वाढवणे हे त्यांचे काम. पेस्ट्री ही वास्तुकलेचीच शाखा आहे, असे कारेम मानत असे. ही नुसती बढाई नव्हती. पुढे १८१५ मध्ये त्याने ‘ल पातिसिए पितोरेस्क’ हे अशा रचनांचे पुस्तक काढले. सेंट पीटर्सबर्ग आणि पॅरिस या शहरांसाठी इमारतींचे आराखडेही त्याने प्रसिद्ध केले.

साखर तेव्हा इतकी सहज मिळत होती का?

नाही. फ्रान्सची साखर मुख्यतः कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीतून येई. तिथल्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनशी व्यापार बंद केल्यावर तर साखर आणखी दुर्मीळ झाली. त्यामुळे बीटपासून साखर काढण्याच्या प्रयोगांना जोर आला आणि १८१२ मध्ये बेंजामिन दलेसेर या उद्योजकाला त्यातील यशाबद्दल नेपोलियनने गौरवले. कारेमचे साखरेचे महाल या टंचाईच्या काळातले आहेत. साखरेचा मनोरा टेबलावर ठेवणे म्हणजे यजमानाने आपली सत्ता आणि श्रीमंती दाखवणे होते.

राजेरजवाड्यांपर्यंत तो कसा पोहोचला?

मुत्सद्दी तालेराँ हे बायी यांचे ग्राहक होते. जेवणाचे टेबल हे राजकारणाचे हत्यार आहे, हे तालेराँ यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या घरच्या मेजवान्यांत कारेम आधी पेस्ट्री करू लागला आणि मग तिथल्या मुदपाकखान्यात बाकीचा स्वयंपाकही शिकला. आज रू द ला पे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंची रस्त्यावर त्याने स्वतःचे दुकानही काढले. ते १८१३ पर्यंत चालले.

१८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर पॅरिसला आला आणि तालेराँ यांच्या घरी उतरला. सत्ता बदलली, पण स्वयंपाकघरातला माणूस तोच राहिला. कारेमचे नाव झारच्या परिवारामुळे युरोपभर पोहोचले. १८१६ मध्ये तो ब्रिटनच्या युवराजाकडे, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जकडे, नोकरीला गेला. १८ जानेवारी १८१७ रोजी ब्रायटनच्या राजवाड्यात रशियाचा राजपुत्र निकोलस याच्यासाठी त्याने शंभराहून अधिक पदार्थांची मेजवानी रांधली. मात्र लंडनचे दमट हवामान आणि एकटेपणा त्याला मानवला नाही. १८१९ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला गेला, तिथूनही लवकरच परतला. व्हिएन्नात ब्रिटिश राजदूताकडे त्याने काम केले. शेवटी पॅरिसमध्ये बँकर जेम्स रॉथशिल्ड यांच्या घरी तो स्थिरावला. १८२९ मध्ये लेखिका लेडी मॉर्गन तिथे जेवायला आल्या, तेव्हा त्याने साखरेच्या रचनेवर त्यांचे नाव साखरेनेच लिहिले होते. त्यांनी या जेवणाचे वर्णन आपल्या पुस्तकात करून ठेवले आहे.

त्याने नेमके काय बदलले?

याचे सोपे उदाहरण म्हणजे पदर सुटणारी पेस्ट्री. खारीचे किंवा बेकरीतल्या पॅटिसचे आवरण डोळ्यांसमोर आणा. कणकेत लोणी गुंडाळून लाटायचे, तिपदरी घडी घालायची, पुन्हा लाटायचे. सहा वेळा अशी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत कणकेतल्या पाण्याची वाफ होते, लोणी थरांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि पदर फुलून वर येतात. मात्र लोणी मधेच वितळले तर सगळे मुसळ केरात. फ्रिज नसलेल्या काळात उन्हाळ्यात हे काम बर्फावाचून अवघडच.

हे तंत्र कारेमच्या आधीपासून होते. सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाकपुस्तकांत त्याची कृती सापडते. कारेमने त्यात शिस्त आणली आणि हात हलका केला. पूर्वी पेस्ट्रीचे कवच हे बरेचदा आतले मांस टिकवणारे जाड भांडे असे. त्याच्या हातात ते हलके, फुललेले आणि स्वतःच्या चवीने खावेसे झाले. मुख्य म्हणजे त्याने हे सारे लिहून ठेवले. १८१५ मधले ‘ल पातिसिए रोयाल पारिझिएँ’ हे त्याचे पुस्तक क्रमवार कृती सांगते. उस्तादाच्या हाताखाली शिकल्यावरच कळणारी गोष्ट आता पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही शिकता येऊ लागली. सॉसचीही त्याने चार मूळ प्रकारांत मांडणी केली. पुढच्या फ्रेंच पाकशास्त्राने ती पायाभूत मानली.

खरे किती, दंतकथा किती?

कारेमभोवती गोष्टींचे जाळे मोठे आहे. तालेराँ यांनी त्याला वर्षभर एकही पदार्थ पुन्हा न करता जेवण द्यायची परीक्षा घातली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ती आख्यायिका म्हणूनच वाचायला हवी. शेफची उंच पांढरी टोपी, व्होल-ओ-व्हाँ आणि एक्लेर यांचे श्रेयही सर्रास त्याला दिले जाते. प्रत्यक्षात व्होल-ओ-व्हाँचे नाव त्याच्या जन्माआधीच्या पुस्तकात आढळते. आपली कीर्ती जपण्यात कारेमही मागे नव्हता. त्याने स्वतःविषयी भरभरून लिहिले, त्यामुळे त्याच्याच शब्दांवर चरित्रे उभी राहिली.

अकाली मृत्यूचे कारण काय?

१२ जानेवारी १८३३ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. त्या काळी मोठ्या घरांचे मुदपाकखाने बहुधा तळघरात असत आणि स्वयंपाक लाकडी कोळशावर होई. वाढायची वेळ जवळ आली की पदार्थ गार होऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेत. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दहाव्या वर्षापासून त्याच धुरात वावरल्याने कारेमची प्रकृती ढासळली असावी, असा अनेक चरित्रकारांचा अंदाज आहे. कोळसा आचाऱ्यांचे आयुष्य खातो, हे त्याने स्वतः लिहून ठेवले होते; पण ती कीर्तीची किंमत आहे, अशी त्याची समजूत होती. त्याच्या हाताखालच्या मुलांच्या वाट्याला तोच धूर होता, कीर्ती मात्र नव्हती.

फ्रेंच पाककलेवरचा त्याचा अखेरचा पाच खंडांचा ग्रंथ अपुरा राहिला. तीन खंड त्याचे. उरलेले दोन प्ल्युमेरे या आचाऱ्याने पूर्ण केले.

पॅरिसमध्ये आज त्याच्या खुणा कुठे?

त्याची कबर मोंमार्त्र दफनभूमीत आहे. रू व्हिव्हिएन हा रस्ता आजही त्याच नावाने ओळखला जातो. बाजूची राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी वास्तू नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुली झाली आणि चित्रांचा संग्रह अजूनही तिथेच आहे. तिथले भव्य अंडाकृती वाचनालय कारेमच्या नंतरचे. पण तिथे बसायला तिकीट लागत नाही. बेकऱ्यांची यादी घेऊन पॅरिसला जाणाऱ्यांनी त्यात ही एक जागा जोडायला हरकत नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच ग्रंथालयाने पिठाने माखलेल्या एका उमेदवाराला आत येऊ दिले होते.