चुकांचा हिशेबनीस

वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षात शेकडो आकडे अखंड उमटत असतात. वाफेचा दाब, तापमान, बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह. त्यांतला एकही आकडा तंतोतंत खरा नसतो, कारण प्रत्येक मापक थोडा तरी चुकतोच. मग विश्वास कोणावर ठेवायचा? अभियंते आज या प्रश्नाला जे उत्तर देतात, ते पहिले वीजकेंद्र उभे राहण्याच्या कितीतरी आधी एका जर्मन गणितज्ञाने शोधून ठेवले होते. तो म्हणजे कार्ल फ्रीडरिश गाउस.

गाउसचा जन्म ब्राउनश्वाइगमधल्या एका गरीब घरातला. अक्षरओळख जेमतेम असलेल्या आईला मुलाची जन्मतारीख ठाऊक नव्हती. वार बुधवार आणि ईस्टरनंतरच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस अवकाश, एवढेच तिला आठवत होते. पुढे मुलाने ईस्टरची तारीख काढण्याची रीतच बसवली आणि स्वतःचा जन्मदिवस ठरवला: ३० एप्रिल १७७७. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्याने वडिलांच्या मजुरीच्या हिशेबातली चूक दाखवली, अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे काहीही असो, चुकांशी त्याचे नाते जन्मभराचे ठरले.

१ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी या इटालियन खगोलज्ञाला सेरेस हा लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंतच त्याचे वेध घेता आले. पुढे तो सूर्याच्या प्रभेत लपला. हाती मोजकीच निरीक्षणे, तीही सदोष. चोवीस वर्षांच्या गाउसने त्यांवरून कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळच सापडला. या कीर्तीमुळेच १८०७ मध्ये तो ग्यॉटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख झाला.

चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील असे उत्तर निवडायचे, ही लघुतम वर्गांची पद्धत. फ्रान्सच्या लजांद्रने ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. १८०९ च्या ग्रंथात गाउसने ती आपण १७९५ पासून वापरत असल्याचे लिहिले. लजांद्र दुखावला, आणि ते स्वाभाविकच होते. पिकल्याखेरीज फळ बाजारात न आणण्याच्या गाउसच्या स्वभावाची किंमत अशी दुसऱ्यांनाही मोजावी लागली.

हॅनोव्हर राज्याची मोजणी त्याच्याकडे आली तेव्हा तो स्वतः डोंगर-टेकड्या चढला. दूरच्या शिखरावरून सूर्यप्रकाश परावर्तित करणारे हेलिओट्रोप हे यंत्र त्याने १८२१ मध्ये बनवले. त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजले, की पृथ्वीच्या गोलाईची किंचित भर धरून बेरीज १८० अंश यायला हवी. ती कधीच नेमकी येत नसे. मग निसर्गाची अट पाळली जाईल अशा बेताने प्रत्येक मापात थोडी दुरुस्ती करायची. कमी भरवशाच्या मापात जास्त, अधिक भरवशाच्या मापात कमी. या रीतीचे शास्त्र त्याने १८२८ मध्ये मांडले.

वीजकेंद्रात त्रिकोणाची जागा पाण्याच्या आणि उष्णतेच्या ताळेबंदाने घेतली. समजा, मुख्य नळाचा मापक तासाला १००० टन दाखवतो आणि त्याच्या दोन फाट्यांवरचे मापक ४८० व ५०५. पंधरा टनांचा मेळ बसत नाही. तिन्ही मापक सारख्या भरवशाचे असतील तर ९९५, ४८५ आणि ५१० ही सर्वांत संभवनीय मापे ठरतात. मात्र एखाद्या मापकाला त्याच्या मान्य त्रुटीहून कितीतरी मोठी दुरुस्ती लागली, तर त्याच्यावर संशय घ्यायचा आणि इतर मापांशी तो पडताळायचा.

यात बरेच काही पणाला लागलेले असते. अणुवीजकेंद्रात पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या व्हेंचुरीच्या आत थर साचला, की ती प्रवाह जास्त दाखवते. अणुभट्टी पूर्ण क्षमतेने चालली आहे असे वाटते आणि प्रत्यक्षात वीज कमी निर्माण होते. उलट प्रवाह कमी दाखवला गेला, तर अणुभट्टी नकळत परवान्याची मर्यादा ओलांडते. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेची २०४८ क्रमांकाची मार्गदर्शिका अशा पडताळणीसाठी गाउसचेच तत्त्व वापरते.

२३ फेब्रुवारी १८५५ रोजी ग्यॉटिंगेनमध्ये त्याचे निधन झाले. १९९१ मध्ये चलनात आलेल्या दहा मार्कांच्या नोटेवर त्याची छबी आणि त्रुटींच्या विभागणीचा घंटाकृती वक्र होता. २००२ मध्ये युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली. त्या वक्राचा उपयोग मात्र नियंत्रणकक्षांत आजही चालू आहे. तिथे दोन मापांचा मेळ बसला नाही, की ती विसंगती झाकायची नसते. बिघाडाचा पहिला सुगावा तिथूनच लागतो.