शिकारी राजा : राजर्षी शाहूमहाराज

बडा गणपतीच्या परिसरातील आमच्या वाचकांस राळामंडळची टेकडी परिचित आहेच. तिच्या माथ्यावर होळकरांची शिकारकोठी आहे. भोवतालचे रान १९८९ पासून अभयारण्य झाले आहे. मराठी संस्थानिकांच्या शिकारीचा विषय निघाला म्हणजे मात्र आम्हांस प्रथम स्मरण होते ते कोल्हापूरच्या शाहूमहाराजांचे. इंदूरशीही त्यांचा ऋणानुबंध होता. कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या व युवराज यशवंतराव होळकर यांचा विवाह त्यांच्याच पुढाकाराने ठरला आणि त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पार पडला.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच घाटगे घराण्यात झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. देह धिप्पाड, कुस्तीचा नाद मोठा आणि शिकारीची आवड त्याहून मोठी. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करणे हा त्यांचा आवडता खेळ. त्यात घोड्याचा पाय चुकला किंवा भाल्याचा नेम ढळला, तर स्वाराच्याच जिवावर बेतते.

त्यांच्या पदरी शिकवून तयार केलेले चित्ते होते. डोळे झाकलेला चित्ता गाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत व डोळ्यांवरची टोपी काढून सोडीत. थोड्याच अंतरात सावज न सापडल्यास तो पाठलाग सोडून देई.

शिकार म्हणजे केवळ नेमबाजी नव्हे. सावज स्पष्ट दिसल्यावाचून बंदुकीचा चाप ओढू नये. हाकेकऱ्यांच्या दिशेने नळी धरू नये. मुक्कामी परतताना बंदूक रिकामी करावी. जखमी जनावर रानात तसेच सोडून येऊ नये, हे जाणत्या शिकाऱ्यांचे दंडक होते. हाती शस्त्र असणाऱ्याने प्रथम स्वतःस आवरावे, हेच या सर्वांचे सार.

रानात हिंडणाऱ्या या राजास रानातली माणसेही दिसली. जग ज्यांना चोर म्हणून हाकलीत होते, त्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या मुक्कामी पहाऱ्यावर नेमले. गुन्हेगार ठरविलेल्या जातींवर लादलेली हजेरीची पद्धत त्यांनी १९१८ मध्ये बंद केली. आमच्या मते, त्यांच्या शिकारीतील ही सर्वांत मोठी कमाई होय.

६ मे १९२२ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थानातील दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. चित्ता मात्र शिकारीमुळे व माळराने नाहीशी झाल्यामुळे भारतातून लुप्त झाला. १९५२ मध्ये तसे जाहीरही झाले. त्या हानीत संस्थानिकांच्या बंदुकांचा वाटा होता, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांस संरक्षण दिले आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतील चित्ते आपल्याच प्रदेशातील कुनो येथे आणले गेले.

महाराजांचे धैर्य, संयम आणि उपेक्षितांविषयीची माया आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी. बंदूक मात्र आता इतिहासाच्या खुंटीवरच राहू द्यावी.