उंबरठ्याच्या आत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्यालयात बदलीला होकार देऊन मी घरी आलो आणि चहा घेता घेता ही बातमी पत्नीला सांगितली. ती रागावली नाही. निर्णय झाल्यावर मला कशाला सांगता, एवढेच तिने विचारले. त्या रात्री झोप येईना म्हणून कपाटातले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ काढले. शाळेत त्यातले उतारे वाचून आपण सगळेच पोट धरून हसलो आहोत. त्या रात्री मात्र हसू आले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटले की आपल्याला फुलांमुलांचा कवी आठवतो. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण. नाशकात संस्कृत शिकला. कविता रक्तात, राग नाकावर, हातात पैसा टिकेना आणि नोकरीही टिकेना. समोरच्याची गरज दिसली की घरातली गरज विसरणारा! लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या. त्यांना अक्षरओळखही टिळकांनीच करून दिली.

1893 च्या सुमारास आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. जातिभेदाने पोखरलेल्या देशाला कोणता धर्म तारील, या प्रश्नाने ते आधीच अस्वस्थ होते. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळले.

इथे मी थबकतो. देशाचा, समाजाचा, आत्म्याचा एवढा विचार करणाऱ्या माणसाने घरच्या माणसाला विश्वासात घेऊ नये? एका दिवसात ती बाई नवरा असून एकटी झाली. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून बहीण-मेव्हण्यांच्या आश्रयाने तिने सुमारे पाच वर्षे काढली. टिळकांच्या थोरवीपुढे हा हिशेब पुसून टाकावा, असे मला वाटत नाही. लक्ष्मीबाईंनीही तो पुसलेला नाही. फक्त त्यात विष कालवले नाही.

पण टिळकांचे खरे मोठेपण त्यानंतर दिसते. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्या संसारात परतल्या त्या सोवळ्या-ओवळ्यासकट. चूल वेगळी, पाणी वेगळे. आणि हा तापट माणूस थांबला! बायकोने आपला धर्म घ्यावा म्हणून त्याने सक्ती केली नाही. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे लक्ष्मीबाईंना आपल्याच विचाराने पटले, तेव्हा त्यांनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. ज्या उंबरठ्यावर टिळकांची चूक झाली, त्याच उंबरठ्याच्या आत ते वाट पाहायला शिकले.

मग त्या घराला दारच उरले नाही म्हणा ना! बालकवी ठोंबरे तिथे घरच्या मुलासारखे राहिले. परक्यांची पोरे त्या घरात आपली झाली. पुढे टिळकांना मिशनचा पगारही जाचू लागला. ख्रिस्त इथल्या मातीत रुजायचा तर तो अभंगातून, कीर्तनातून यावा, परक्यांच्या पैशातून नव्हे, असे त्यांना वाटे. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वच ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. जेमतेम दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, मुंबईत ते गेले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्यासाठी लेखणी हाती घेतली कोणी? नवऱ्याकडूनच अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी! ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे काव्य त्या आता आपले म्हणून लिहीत होत्या. हे हुकमाने होत नाही. 1936 साली त्यांचे निधन झाले.

आज घरोघरी आपण निर्णय घेतो. कुणाचे शिक्षण, कुणाचे लग्न, कुणाची श्रद्धा. समाजाला पुढे नेऊ पाहणारा माणूस घरच्यांना वाटेत सोडून जाऊ शकतो, हे टिळकांच्या आयुष्यात दिसते. मागे वळून, थांबून, सोबत घेऊनही जाता येते, हेही तिथेच दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्नीसमोर बसलो आणि बदलीचा विषय पुन्हा पहिल्यापासून काढला. या वेळी आधी तिचे ऐकले.