छंदातून घडलेले जीवन : कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके

आमच्या मंडळाच्या पाचोड येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास निमित्त झाला आहे. पारितोषिके घेण्यास आलेल्या मुलांत एक विद्यार्थी असा होता की, त्याच्या गणिताच्या वहीची मागील पाने चित्रांनी आणि स्वतः रचलेल्या गोष्टींनी भरून गेली होती. हाच मुलगा गावातील भजनी मंडळात पेटीही वाजवितो, असे सोबतच्या मंडळींकडून कळले. वही आमच्या हाती पडताच त्याच्या वडिलांचा चेहरा ओशाळला आणि मुलाने जणू काही अपराध केला असावा अशा स्वरात ते आमची क्षमा मागू लागले. त्या सज्जन गृहस्थांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मोसंबीच्या बागेवर ज्याचा संसार चालतो, एखाद्या वर्षी पाऊस रुसला तर ज्याला झाडे जगविण्यासाठी पाण्याचे टँकर विकत घ्यावे लागतात, त्या बापास मुलाच्या गुणपत्रिकेची चिंता वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि ती वही पाहताना आमच्या मनासमोर एक जुने चरित्र उभे राहिले. तेच या स्मरणिकेद्वारे ज्ञातिबंधु-भगिनींस सादर करावे, असे आम्ही योजिले. चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु गुणांना ज्ञातीची वेस नसते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. घरात पूजाअर्चा, पुराणे व शास्त्रचर्चा यांचे वातावरण होते. अशा घरातील मुलाने पाठांतर करावे, याज्ञिकी शिकावी आणि वडिलांचीच वाट पुढे चालवावी, ही त्या काळची रीत. धुंडिराजाने वडिलांजवळ ते शिक्षण घेतलेही. परंतु त्याचे मन मात्र भलत्याच गोष्टींत रमे. चित्रे काढणे, सोंगे आणणे, नाटके करणे, हातचलाखीचे खेळ करून सवंगड्यांना थक्क करणे हे त्याचे बालपणीचे छंद होते. घरात ऐकलेल्या हरिश्चंद्राच्या, श्रीकृष्णाच्या आणि रामचंद्राच्या कथा त्याच्या कल्पनेत जिवंत होऊन वावरत असल्या पाहिजेत. कारण पुढे चाळीस वर्षांनी त्याच कथा त्याने साऱ्या देशाला डोळ्यांनी दाखविल्या.

दाजीशास्त्र्यांची नेमणूक मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतच्या अध्यापनासाठी झाली आणि हे कुटुंब मुंबईस आले. येथे त्या घराने जे केले, त्याकडे आम्ही पालकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, शास्त्र्यांचा हा मुलगा सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला. चित्रकला हे पोट भरण्याचे साधन नव्हे अशी समजूत ज्या काळी सार्वत्रिक होती, त्या काळात एका वैदिक ब्राह्मणाच्या घरातून मुलगा कलाशाळेची पायरी चढतो, ही गोष्ट सामान्य खचितच नव्हे. तेथील रेखाकलेचा वर्षभराचा अभ्यास आटोपल्यावर ज्येष्ठ बंधू शिवरामपंत यांनी त्याला आपल्याबरोबर बडोद्यास नेले.

बडोदे हे त्या काळी सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीने गजबजलेले नगर होते. १८८६ मध्ये तेथे उस्ताद मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली होती. १८९० साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन ही संस्था उभी राहिली. तेथे चित्रकलेबरोबरच रंगकाम, छपाई आणि नाना प्रकारचे हुन्नर शिकविले जात. कला आणि कारागिरी एकाच छपराखाली नांदाव्यात, हा त्या संस्थेमागील विचार. धुंडिराजाच्या वृत्तीला असेच स्थान हवे होते. तैलरंग व जलरंग यांत त्याने प्रावीण्य मिळविले. मूर्ती घडविण्याची व वास्तुरचनेचीही त्याला गोडी लागली. याच सुमारास त्याच्या हाती छायाचित्रणाचा कॅमेरा आला आणि त्या पेटीने त्याला अक्षरशः झपाटून टाकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व तीस सुवर्णपदक लाभले. चित्रकला, वास्तुकला आणि नाटक या तीन छंदांचा संगम त्या एका प्रतिकृतीत झालेला दिसतो. गज्जरांनी त्याची पारख केली, छपाईचे ठसे बनविण्याची विद्या शिकण्यास त्याला रतलाम येथे पाठविले आणि पुढे कलाभवनाची प्रयोगशाळा व छायाचित्रणगृह वापरण्यास मोकळीक दिली. विद्यार्थ्याच्या चंचलतेस दूषण देण्याऐवजी तिच्यातील जिज्ञासा ओळखणारा शिक्षक भेटणे, हे केवढे भाग्य!

येथवरचा भाग वाचून एखाद्या तरुणास वाटेल की, छंद जोपासला म्हणजे यश हात जोडून दारी उभे राहते. तशी भूल आम्ही कोणासही घालू इच्छित नाही. विद्यार्थिदशा संपल्यानंतरची फाळक्यांची वीस वर्षे ही ठेचांची वर्षे होती. त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तो जेमतेम चालू लागतो तोच १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. दुःखाने विदीर्ण होऊन ते बडोद्यास परतले. कॅमेऱ्यासमोर बसल्याने आयुष्य घटते असा लोकभ्रम तेव्हा प्रबळ असल्यामुळे तेथेही धंद्याचा जम बसेना. तेव्हा त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. जादूची विद्या त्यांनी एका जर्मन जादूगारापासून आत्मसात केली होती असे सांगतात. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलट फिरवून प्रोफेसर केळफा या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा, सासरचे नाव सरस्वती. किर्लोस्कर नाटक मंडळीशी तिच्या घराण्याचे नाते होते.

१९०३ मध्ये सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. खात्रीचे वेतन, सरकारी प्रतिष्ठा, सारे काही होते. परंतु स्वदेशीच्या वाऱ्याने भारावलेल्या त्या मनाला नोकरीचे कुंपण सोसवेना. १९०६ मध्ये ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला, मग तो दादरला आणला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केले. १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. त्यांच्या छपाईचा लौकिक पसरला. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि मोठ्या कष्टाने उभारलेल्या त्या धंद्यातून त्यांना रिक्त हस्ते बाहेर पडावे लागले. वय एकेचाळीस, संसार वाढलेला, हातात काही नाही. त्या क्षणी कोणीही व्यवहारी मनुष्याने त्यांच्या छंदांचा हिशेब मांडला असता, तर बेरीज शून्यच आली असती.

परंतु विधात्याच्या मनात काही निराळेच होते. १९११ मध्ये गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू हालत असता त्यांच्या अंतश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण हालू लागले. तेव्हापासून त्यांना दुसरे काही सुचेना. मिळेल तेथून चित्रफिती आणून त्या रात्रंदिवस पाहाव्यात, त्या विषयावरील पुस्तके वाचावीत, असा क्रम सुरू झाला. या अतिश्रमाने त्यांची दृष्टीही काही काळ गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. चित्रपटव्यवसायातील जाणत्यांकडून त्यांनी ही कला समजून घेतली आणि कॅमेरा विकत घेऊन ते दोन महिन्यांत परतले. प्रथम त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोज थोड्याथोड्या वाढीचे चित्रण केले व महिन्याभराची ती वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. ते पाहून भांडवल देणारे मिळाले, आणि उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

या माउलीचा उल्लेख ओझरता करून आम्हांस पुढे जाववत नाही. दादरच्या त्यांच्या घरीच कलावंतांचे बिऱ्हाड होते. त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत आणि रात्री सारे निजल्यावर अंधाऱ्या खोलीत कोऱ्या चित्रफितीला भोके पाडण्याचे नाजूक काम करीत बसत. चित्रणाच्या वेळी उजेड परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर हातांत धरून त्या उन्हात उभ्या राहत. एका पुरुषाच्या छंदाने इतिहास घडविला असे आपण म्हणतो. त्या छंदाला घरातील एका स्त्रीने आपले अंग लावले होते, हे म्हणावयास आपण विसरतो.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांसमोर आला. पूर्ण लांबीच्या भारतीय कथाचित्रपटाचा आरंभ त्याच दिवशी झाला असे मानले जाते. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले होते. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे न आल्यामुळे अण्णा साळुंके या उपाहारगृहातील तरुणाने ती भूमिका केली, आणि रोहिदास झाला तो फाळक्यांचाच पुत्र भालचंद्र. आता वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. या चित्रपटाचे कथानक रचले ते पुराणांत रमणाऱ्या मुलाने. नेपथ्य रंगविले ते पडदे रंगविणाऱ्या चित्रकाराने. कॅमेरा समजला तो छायाचित्रकाराला. फितीवरील रसायनांची प्रक्रिया साधली ती छापखान्यात हात काळे केलेल्या कारागिराला. देव प्रकट होण्याचे आणि अंतर्धान पावण्याचे चमत्कार दाखविले ते प्रोफेसर केळफा याने. आणि नटांना वळण लावले ते नाटकवेड्या विद्यार्थ्याने. एकेक छंद ज्या वेळी चालू होता त्या वेळी तो वाया गेलेला काळ वाटत होता. परंतु एकही वाया गेला नव्हता.

त्यानंतर १९१७ मध्ये लंकादहन आले; त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. १९१८ मध्ये श्रीकृष्णजन्म आणि १९१९ मध्ये कालियामर्दन निघाले. कालियामर्दनातील बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. तेथेही भागीदारांशी बिनसले, तेव्हा उद्विग्न होऊन ते काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी काय करावे? १९२० च्या सुमारास रंगभूमी नावाचे नाटक लिहिले! रंगमंचावर ते फारसे यशस्वी झाले नाही. तरीपण मन खचले असता लेखणी हाती धरावी, हा संस्कार त्यांच्या ठायी अखेरपर्यंत जागा होता.

उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १९३१ मध्ये आलम आरा या चित्रपटाने पडदा बोलू लागला. मूकपटाच्या काळी गाणे पडद्यावर नसे; प्रेक्षागृहात पेटी आणि तबला वाजे. आता संगीत चित्रातच आले. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने तीच हरिश्चंद्राची कथा अयोध्येचा राजा या नावाने बोलक्या रूपात सादर केली आणि गोविंदराव टेंबे यांच्या संगीताने ती घुमली. ज्या कथेने फाळक्यांनी युग सुरू केले, त्याच कथेने त्यांचे युग मागे पडल्याची ग्वाही दिली. त्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला आणि त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. तोच त्यांचा अखेरचा चित्रपट. ९० हून अधिक चित्रपट निर्माण करणारा हा पुरुष १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, विपन्नावस्थेत आणि बहुतांशी विस्मृतीत, निजधामास गेला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देऊ लागले.

आमच्या पिढीतील पाचोडकरांना जत्रेतील तंबूचा सिनेमा आठवत असेल. पडद्यावर देव अवतरताच म्हाताऱ्या बायका हात जोडीत. त्या हात जोडण्याचा उगम त्र्यंबकेश्वरातील एका मुलाच्या छंदात होता, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते.

या चरित्रापासून बोध घ्यावयाचा तो कोणता? प्रत्येक चित्र काढणारा मुलगा फाळके होईल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. फाळक्यांना कीर्ती मिळाली, पण स्वास्थ्य मिळाले नाही. व्यवहाराची आणि भागीदारीची विद्या त्यांना साधली नाही, आणि त्याची झळ मुलाबाळांस लागली. तेव्हा मुलांनी गणिताच्या वहीत गणितही सोडवावे, हे आम्ही निक्षून सांगतो. परंतु पालकांसही आमची तितकीच आग्रहाची विनंती आहे की, त्या वहीची मागील पाने फाडू नका. दाजीशास्त्र्यांनी आपल्या मुलाला कलाशाळेत जाऊ दिले, शिवरामपंतांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, गज्जरांनी त्याला प्रयोगशाळेची दारे मोकळी केली आणि सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. यांपैकी एक जरी हात मागे घेतला गेला असता, तर ३ मे १९१३ चा तो दिवस मराठी माणसाच्या नावे लिहिला गेला नसता.

ज्या विद्यार्थ्याच्या वहीने हा लेख लिहविला, त्याची ती वही आम्ही त्याच्या वडिलांच्या हाती परत दिली तेव्हा त्यांनी ती पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, चाळून पाहिली. आमच्या मंडळाच्या पारितोषिकांत गुणपत्रिकेबरोबर अशा वहीलाही एक स्थान असावे, अशी सूचना आम्ही या स्मरणिकेच्या द्वारे कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवीत आहोत. ज्ञातिबंधु-भगिनी तिचा सहानुभूतीने विचार करतील, अशी आशा बाळगून कै. दादासाहेब फाळके यांच्या पुण्यस्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.